खडीसाखरेची केस

“कबुतराची केस घेत नाही म्हणजे? मग बाहेर फळ्यावर ‘सर्वांना मोफत’ कशाला लिवलंय? पुसून टाका की ते.”

“घेत नाही असं म्हटलं का मी? मी म्हटलं, खाली बस.”

“उभ्यानं सांगितलेलं ऐकू येत न्हाई व्हय तुम्हाला?”

“सगळं येतंय. गेटवरच्या वॉचमनला पण येतंय. त्या मावशी घाबरायल्यात. बस.”

मी मागं बघितलं. बाकावर दोन बायका बसलेल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधी अख्खं कुटुंब बसंल एवढी जागा. सख्ख्या जावा. मधल्या भिंतीवरनं भांडण लागलेलं. पण माझं कबूतर ऐकून दोघी एकाच वेळेला तोंडाला पदर लावून हसायलत्या. घाबरलेलं कोणच नव्हतं. मला लई राग आला, आणि मी बसलो.

लॉ कॉलेजच्या मागच्या बाजूची खोली ती. शनिवारी तिथं फुकट सल्ला मिळायचा. वकील एकच, ते सर, आणि ते आतल्या खोलीत. बाहेर टेबलावर कॉलेजची पोरं. त्या दिवशी ही समोर बसलेली पोरगी एकटीच होती. माझं डोकं गरम असलं तरी डोळे गार असतात, म्हणून मी तिला नीट बघून घेतली. काळा कोट दुसऱ्या कुणाचातरी, बाह्या आत दुमडलेल्या. पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलेलं. चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. म्हटलं, ही काय आपली केस लढणार.

“नाव?”

“अवधूत गवंडी. तुमचं?”

तिनं पेन थांबवलं. असं उलटं कुणी विचारलं नसावं. “शर्वरी हुक्केरी. गडहिंग्लजकडची. शिकतोस काय तू?”

“सोडलं नववीत.”

“का?”

“मास्तरांनी माझी वही खिडकीतनं टाकली. मी त्यांची पिशवी टाकली.”

“एवढ्यावरनं?”

“पिशवीत त्यांचा डबा होता. खालनं हेडमास्तर चालले होते. आमटी होती.”

मागनं जावांपैकी एकीला ठसका लागला. शर्वरी हुक्केरीनं मात्र तोंड सरळ ठेवलं, तेवढं मी मानलं. “बरं,” ती म्हणाली, “आता कबूतर.”

कबूतर म्हणजे खडीसाखर. मादी. पांढरी, अंगावर खड्यासारखे करडे ठिपके, म्हणून ते नाव. तिची आई मांजरानं नेली तेव्हा ही अंड्यातनं नुकती बाहेर आलेली. मी बाजरी तोंडात चावून तिच्या चोचीत घालून जगवली तिला. आईनं मला तेवढे दिवस पंगतीत घेतलं नव्हतं. आमच्या पेठेत दरवर्षी कबुतरं उडवायची स्पर्धा असते. सकाळी सोडायचं, जे जास्त वेळ वर राहील आणि दिवस मावळायच्या आत आपल्याच ढाबळीवर, घरच्या कबूतरखान्यावर, उतरेल ते जिंकलं. खडीसाखर यंदा पहिल्यांदा स्पर्धेत उतरणार होती. आणि बरोबर स्पर्धेच्या तोंडावर एक दिवस ससाणा आला, थवा फुटला, आणि ती घाबरून बंडातात्या लोहाराच्या माडीवर जाऊन बसली. तात्यांनी धरली.

“मग तू मागायला गेलास?”

“गेलो. न्हाई म्हणाले. ‘उतरलं त्याचं,’ म्हणाले.”

“म्हणजे?”

मला तिच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. “म्हणजे कुणाचं पाखरू तुमच्या ढाबळीवर उतरलं आणि तुमच्या हाताला लागलं, तर ते तुमचं. मालकानं मागायला यायचं न्हाई. जो मागायला जाईल त्याची पेठेत मान खाली.”

“तू तर गेलास.”

“म्हणून तर इथं आलो. मान खाली गेलीच आहे, पाखरू तरी मिळंल.”

ती लिहीत होती. लिहिता लिहिता वर न बघता तिनं विचारलं, “तुझ्या ढाबळीत दुसऱ्यांची किती आहेत?”

“असतील दोन-चार.”

“परत दिलीस?”

“का देऊ? उतरली की ती.”

“घ्या,” मागनं एक जाऊ म्हणाली. दुसरी म्हणाली, “आमच्या हिच्यासारखंच हाय म्हणा.” पहिलीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शर्वरीनं पेन खाली ठेवलं. “त्यातलं तात्यांचं एखादं आहे?”

आता खोटं बोललो असतो, पण मला खोटं बोलायचाच कंटाळा. “एक हाय. निळा. नर. गेल्या साली आला.”

“तात्या आले मागायला?”

“न्हाई. मान खाली जाती की.”

“आणि निळा बरा आहे?”

हे तिनं का विचारलं कुणास ठाऊक. “त्याची आणि खडीसाखरेची जोडी हाय. ती गेल्यापासनं खात न्हाई. नुसता ढाबळीतल्या खोपड्यात बसतोय. असंच चाललं तर मरंल.”

ती उठून आत सरांकडं गेली. दारातनं सरांचं हसणं ऐकू आलं, मग हळू आवाजात बोलणं. बाहेर आली तेव्हा कान लाल झालेले, पण टेबलावर बसली ती ताठ.

“ऐक. पाळलेलं पाखरू ही मालकीची वस्तू. ते उडून दुसऱ्याकडं गेलं म्हणून मालकी जात नाही. कायद्यानं खडीसाखर तुझी.”

मी उभा राहिलो. “चला मग.”

“थांब की. त्याच कायद्यानं निळा तात्यांचा.”

मी बसलो.

“एक तर पेठेचा कायदा लाव, नाहीतर सरकारचा. सोयीचा तेवढा उचलायचा असं नाही चालत. पेठेचा लावलास तर निळा तुझा, खडीसाखर त्यांची. सरकारचा लावलास तर उलटं. जोडी दोन्हीकडनं तुटतीच.”

“मग तुमचा उपयोग काय झाला?”

“अजून कुठं झालाय,” ती म्हणाली. “कोर्टात उभं राहायची मला परवानगीच नाही, मी शिकायलेय अजून. पण चालत जाऊन बोलायला परवानगी लागत नाही. तात्यांचं घर कुठं आहे?”

बंडातात्या म्हणजे एके काळचे आमच्या पेठेचे उस्ताद. भाता कधीच बंद झालेला, माणूस एकटाच, पण भिंतीवर जिंकलेल्या ढालींना जागा पुरत नव्हती. आम्ही गेलो तेव्हा ते माडीवर ढाबळीपाशी होते. लाकडी जिन्याच्या तळाशी शर्वरी उभी राहिली आणि पुढं हलेना.

“कोण आलंय?” तात्या वरनं म्हणाले.

“मी अवधूत. वकील आणलाय.”

“अरे बाप रे. या, वकिलीणबाई, वर या.”

“मी इथनंच बोलते.”

“का हो?”

तिनं जिन्याचा कठडा गच्च धरला. “मला पंख असलेलं काही चालत नाही. लहानपणापासनं. कोंबडीसुद्धा.”

मी तिच्याकडं बघतच राहिलो. तात्या हसले, आणि हसता हसता खोकायला लागले. “पोरा, वकील तर बराच बघून आणलास की.”

मी एकटाच वर गेलो. तात्यांनी खोपड्यात हात घालून खडीसाखरेला बाहेर काढली. नवीन धरलेल्या पाखराचे पंख दोऱ्यानं बांधत्यात, उडून माघारी जाऊ नये म्हणून. तिचे तसेच बांधलेले. तात्यांनी अंगठ्यानं तिच्या पंखाचं एकेक पीस चाचपलं. “चांगली हाडं हायत. कुणी भरवली हिला?” मी म्हटलं, “मीच.” तिला परत ठेवताना त्यांच्या हातानं पाण्याचं मडकं कलंडलं. एवढं मोठं मडकं, डोळ्यांपुढं. मला राग आला. माझ्या पाखराजवळ असला गबाळा माणूस.

“तात्या,” खालनं शर्वरी ओरडून म्हणाली, “निळा तुमचा होता ना?”

माडीवर सगळी कबुतरं घुमायलती.

“होता,” तात्या म्हणाले. “आता ह्याचा हाय.”

“तो खाईना झालाय.”

तात्या माझ्याकडं वळले. म्हणजे माझ्या खांद्याकडं. “व्हय रं?”

मी मान हलवली. मग त्यांनी परत विचारलं, “मी विचारतोय, व्हय रं?” तेव्हा “व्हय” म्हटलं.

तात्या बराच वेळ खोपड्याच्या दाराची कडी उघडत आणि लावत बसले. मग म्हणाले, “आपण दोघं काय भांडायचं. पाखरांनाच विचारू. दोघांच्या घरापासनं सारख्या अंतरावर न्यायची, सोडायची. ज्याच्या माडीवर जातील त्याची. डबा वाजवायचा न्हाई, शीळ घालायची न्हाई. कबूल?”

मला हसूच आलं. खडीसाखर माझ्या हातावर वाढलेली, निळा वर्षभर माझ्याकडं मुरलेला. दुसरीकडं जातील कशाला? मी लगेच म्हटलं, “कबूल.”

“कुठं सोडायची?” शर्वरीनं विचारलं.

“तुमचंच कॉलेज हाय की मधोमध,” तात्या म्हणाले. मी खाली वाकून बघितलं तर ती कठड्यावर डोकं टेकून उभी.

पुढच्या शनिवारी कॉलेजच्या पटांगणात खटला. सल्ल्याला आलेले सगळे बाहेर येऊन उभे राहिले, सर दारात चहाचा कप घेऊन. दोघी जावा पण होत्या, आज मधी एकाच माणसाची जागा.

“डबे द्या,” शर्वरी म्हणाली.

कबुतरांना खाली बोलवायला दाण्याचा डबा वाजवत्यात. प्रत्येकाचा वेगळा. माझा बिस्किटाचा, तात्यांचा पावडरीचा जुना, दोन्हींत ज्वारी. तिनं एक डबा या हातात धरला, एक त्या हातात, आणि दोन्ही अंगापासनं लांब, जसं काय डब्यातच कबुतरं हायत.

“आता दोघांनी हात मागं बांधून उभं राहायचं,” ती म्हणाली. आवाज अगदी कोर्टातल्यासारखा, फक्त जरासा कापरा.

मी बुट्टीतनं निळ्याला काढला. तात्या म्हणाले, “जरा दे इकडं.”

दिला. तात्यांनी त्याला छातीशी धरला. वर्षानंतर. अंगठा पंखावरनं फिरवला, मग पोटावरनं, मग छातीच्या हाडावर येऊन थांबला. “लई उतरलाय.”

“सांगितलं की मी.”

“आधी सांगायचं न्हाईस व्हय? मी ह्याला गुळाच्या पाण्यात भिजवून हरभऱ्याची डाळ द्यायचो. त्याबिगर रुसला की खात न्हाई हा.”

“मी कसं विचारणार?”

“व्हय,” तात्या म्हणाले. “तू तरी कसा विचारणार.”

मग त्यांनीच खडीसाखरेच्या पंखांचा दोरा सोडला. गाठ दातानं तोडली. आणि दोन्ही एकदम सोडली.

गेली वर. काय गेली म्हणून सांगू. आधी वडाच्या शेंड्याएवढी, मग पाण्याच्या टाकीवर, आणि दोन्ही एकमेकांना लागून, जसं काय कधी लांब नव्हतीच. सगळे माना वर करून. मी मात्र तात्यांवर नजर ठेवून होतो. म्हातारा लबाडी करंल, हळूच शीळ घालंल, हे डोक्यात. माझी नजर असल्या वेळी सुटत न्हाई.

पाखरं टाकीवरनं वळून हॉस्टेलच्या बाजूला गेली. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. तात्यांची वळली न्हाई. ते टाकीकडंच बघत होते. तिथं तारेला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी फडफडायलती.

“वा,” तात्या म्हणाले. “काय उंची घेतली.”

मी पिशवीकडं बघितलं. तात्यांकडं बघितलं. मडकं आठवलं. अंगठा आठवला. मान हलवली तेव्हा परत विचारलेलं आठवलं. गेल्या सालापासनं तात्यांनी स्पर्धेत पाखरू उतरवलं नव्हतं, सगळे म्हणायचे उस्तादांना माज आलाय. माज कसला. उस्तादांना आभाळ दिसत नव्हतं.

माझं तोंड असं हाय की आत आलं ते बाहेर पडतंच. त्या दिवशी पण उघडलंच ते. शाळा त्यापायीच गेली, दोन नोकऱ्या त्यापायीच गेल्या. पण बाहेर आलं ते भलतंच.

“तात्या,” मी म्हटलं, हळू, त्यांच्याच कानाला लागेल असं, “हॉस्टेलवरनं घेतली बघा गिरकी. निळा पुढं. ती डाव्या अंगाला, अर्धा हात मागं.”

तात्यांची मान सावकाश हॉस्टेलकडं वळली.

“बघतोय की मी,” ते म्हणाले. आणि जरा वेळानं, “पंख कसे मारती ती? घाई करती?”

“न्हाई. तीन मारून तरंगती.”

“मग तयार हाय पोरगी.”

तेवढ्यात दोघं खाली झेपावली. दोघांच्या घरांच्या मधी सोडलेली, कुणीच बोलवंना, गोंधळली असणार. पटांगणावरनं खालनं एक फेरी मारली, आणि ती नेमकी शर्वरीच्या डोक्यावरनं गेली. वारा लागला असंल तिच्या केसांना. तिनं डोळे गच्च मिटले आणि ती थरथरायला लागली. पायापासनं हातापर्यंत. हातात डबे.

खळखळखळ. दोन्ही डबे. ज्वारी आणि पत्रा. एवढा झकास डबा मी जन्मात वाजवला न्हाई.

खडीसाखर तिच्या खांद्यावर उतरली. निळा माझ्या डब्यावर, तिच्या बोटांच्या वर.

“काढा,” ती डोळे न उघडता म्हणाली. “कुणीतरी काढा.”

कुणी हललं न्हाई. सरांचा चहा कपातच राहिला.

“डबा कुणी वाजवला?” तात्यांनी विचारलं.

“वकिलीणबाईंनी.”

“दोन्ही वाजले की.”

“दोन्ही वाजवले.”

“आणि पाखरं?”

“त्यांच्या अंगावर हायत. एक खांद्यावर, एक हातावर.”

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. “मग संपलं. उतरलं त्याचं.”

“मला नकोत,” शर्वरी म्हणाली.

“नको म्हणून भागत न्हाई, बाई. कायदा हाय.”

“ह्याच्यापरीस आपली भिंत बरी,” एक जाऊ दुसरीला म्हणाली. दुसरी हसली. मग दोघींच्या ध्यानात आलं की आपण बोलत न्हाई एकमेकींशी.

निळा डब्यावर चोच मारायला लागला. ठक, ठक. डब्याचं झाकण सैल होतं, ज्वारी सांडली, आणि तो तिच्या बोटांवरनं वाकून खायला लागला. “खाल्लं,” मी ओरडलो, “तात्या, खाल्लं त्यानं.” शर्वरीनं एक डोळा किलकिला केला, निळ्याला बघितलं, परत मिटला. पण हात खाली केला न्हाई.

“दोन्ही माझी ना?” तिनं विचारलं.

“तुमचीच.”

“मी सांगेन तिथं राहतील?”

“मालकाचीच मर्जी.”

“मग तात्यांच्या ढाबळीत ठेवायची. दोघांना एकत्र.”

माझं टाळकं सटकलं. “आणि मी? भरवली मी, केस आणली मी, आणि—”

“माझं झालं नाही अजून. अवधूतनं रोज संध्याकाळी जाऊन उडवायची. तात्यांच्या शेजारी उभं राहायचं. आणि वर काय चाललंय ते मोठ्यानं सांगत राहायचं. मालकाला कळायला पाहिजे.”

“मालक तर इथं कॉलेजात,” सर म्हणाले. “तिला तिथलं ऐकू कसं येणार?”

तात्या जमिनीकडं बघत उभे होते. मग त्यांनी हात पुढं केला, माझ्याकडं नव्हे, माझ्या जरा बाजूला. मी सरकून त्या हाताखाली जाऊन उभा राहिलो. खांद्यावर हात पडला. लोहाराचा हात, अजून जड.

पाखरं मीच काढली तिच्या अंगावरनं. तात्या बुट्टी घेऊन गेटाकडं निघाले तेव्हा मी तिला विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“जिन्यापाशी. मला ‘या’ म्हणाले ते दाराकडं बघून.”

“मग त्यांना बोलला का न्हाई? डोळ्याच्या डॉक्टरकडं तरी धाडलं असतं.”

“जाऊन आलेत ते. सगळं बघून झालंय. मी मागनं एकदा गेले होते, त्यांनीच सांगितलं. कुणाला मदतीला बोलवत का नाही विचारलं, तर उठून माडीवर गेले.” ती कोटावरचं पीस झटकायचं सोडून त्याच्याकडं नुसती बघत होती. “तूच सांगितलंस की पहिल्या दिवशी. तुमच्या पेठेत मागायला गेलं की मान खाली जाते.” मग म्हणाली, “हे पीस काढ आधी.”

त्या साली स्पर्धेत खडीसाखर दुपारीच कंटाळून उतरली. पुढच्या साली तिसरी आली. पंचांनी मालकाचं नाव विचारलं, मी म्हटलं, ‘शर्वरी हुक्केरी, वकील’, तर पंच म्हणाले बाया कधीपासनं उडवायला लागल्या. तात्या त्यांच्यावर असे तापले की मलाच त्यांना आवरायला लागलं. ती आता गडहिंग्लजला कोर्टात उभी राहते. कोट स्वतःचा घेतलाय. निळ्याची पिल्लं बघायला आली होती मधी, छत्री उघडून. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. पाच पायऱ्या चढली, मग म्हणाली, “दिसली, छान आहेत.” पाचव्या पायरीवरनं ढाबळ दिसतच न्हाई. जावांची भिंत हाय तशीच हाय, पण सल्ल्याला आता दोघी एकाच रिक्षानं येतात.

तात्यांना आता टाकीपण दिसत न्हाई. ते खुर्ची टाकून बसतात, मी बोलत राहतो. बोलायला आपल्याला काय कमी. कधी ढगाचं सांगतो, कधी कुणाच्या गच्चीवर कोण कुणाशी भांडायलंय ते. ते मधीच थांबवतात, “ते ऱ्हाऊ दे, ती पंख कशी मारती सांग.”

ऊन कललं बघा. मी गेल्याबिगर म्हातारा ढाबळीचं दार उघडत न्हाई, आणि दार उघडल्याबिगर पाखरं गप्प बसत न्हाईत. निघायला पाहिजे मला.